मांजरासाठी दारात झडप बसवायची आहे, सल्ला हवा

अर्धवट_जागी:
चिंगी, वय तीन, वजन साडेचार किलो, ऑपरेशन आणि लसी झालेल्या. दिवसभर झोपते. पहाटे साडेतीनला मागच्या दाराशी येऊन नखं घासायला सुरुवात. मी उठून दार उघडायचं, बाईसाहेब उंबऱ्यावर उभ्या राहून हवेचा अंदाज घेणार, मग जाणार. दहा मिनिटांनी बाहेरून तोच कार्यक्रम. गेले चार महिने मी सलग झोपलेले नाही. तान्हं बाळ असतं तर लोकांनी निदान सहानुभूती तरी दाखवली असती.

तर कॅट फ्लॅप बसवायचा विचार आहे. प्रश्न:
१. जमिनीपासून किती उंचीवर?
२. मागचं दार फ्लश डोअर आहे, आतून पोकळ. टकटक केलं की डबडब वाजतं. कापलं तर चालेल का? शेजारी लाकडी चौकटीची खिडकी आहे, तिचा खालचा भाग बंद काचेचा.
३. तिला शिकवायचं कसं?

बजेट: अगदी साधी झडप, फार तर चुंबकवाली. बॅटरी, चिप, अ‍ॅप यातलं काहीही नको, तेवढे पैसे सध्या नाहीत. कृपया हे वाचून मग उत्तर द्या.

अष्टपाद:
मायक्रोचिपवालीच घ्या, साधीच्या नादाला लागू नका. आम्ही सहा वर्षं वापरतोय. मांजराच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते, तिला स्वतःची बॅटरी नसते. झडपेच्या कमानीतला रीडर तिला जागं करतो, ती आपला पंधरा अंकी नंबर सांगते, नंबर ओळखीचा असला की खिट्टी सुटते. बाकी गावभरची मांजरं बाहेर डोकं आपटत बसतात. खर्च एकदाच होतो, थोडं ताणा.

अर्धवट_जागी:
चिंगीला चिप नाही. आणि बजेट ताणूनच झालंय, अजून ताणलं तर तुटेल.

बोकोबाचे_वडील:
अष्टपाद यांना +१. आमची तर मोबाईलला जोडलेली आहे. बोका बाहेर पडला की मीटिंगमध्ये माझा फोन थरथरतो. काल एकोणीस वेळा आत-बाहेर. आलेख टाकू का?

निमूट:
+१ चिपवाली.

रोखठोक:
मुळात मांजर बाहेर सोडायचंच कशाला? गाड्या, कुत्री, भांडणं, रोगराई. घरातच ठेवा, खेळवा, झोपायच्या आधी दमवा. झडप म्हणजे आजाराला आमंत्रण.

अर्धवट_जागी:
रोखठोक, ही रस्त्यावरून आलेली आहे, वर्षाची होईपर्यंत बाहेरच वाढली. पहिले दोन महिने घरात ठेवून पाहिलं. तिने सोफ्याचा एक हात संपवला.

कानस:
चिपची चर्चा चालू द्या, मी लाकडाचं सांगतो.

पोकळ फ्लश डोअरमध्ये कडेची चौकट तेवढी भरीव असते. मधे दोन पातळ प्लाय आणि त्यांच्यात पुठ्ठ्याची जाळी किंवा विरळ पट्ट्या. भोक पाडून तशीच झडप लावली तर स्क्रू आवळताना दोन्ही प्लाय आत दबतात आणि झडपेची चौकट पिळली जाते. मग पाळं (झडपेचं हलतं झाकण) मधेच अडकतं आणि लोक कंपनीला शिव्या देतात. म्हणून भोक पाडल्यावर पोकळीच्या जाडीच्या लाकडी पट्ट्या गोंद लावून चारही कडांनी आत सरकवायच्या, रात्रभर सुकू द्यायच्या, मग झडप.

कापण्याआधी दार बिजागऱ्यांवरून उतरवून आडवं ठेवा. झडपेबरोबर कागदी नमुना येतो तो चिकटवा, रेघेवरून दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, नाहीतर पृष्ठभागाच्या ढलप्या निघतात. चार कोपऱ्यांत जिगसॉचं (विजेवरच्या छोट्या करवतीचं) पातं शिरेल एवढी भोकं पाडा आणि मग कापा.

उंची: झडपेची खालची कड मांजराच्या पोटाच्या रेषेत हवी. मोठ्या मांजराला जमिनीपासून साधारण पंधरा सेंटिमीटर. बाहेर पायरी असेल तर बाहेरूनही मोजा, नाहीतर आतून पंधरा आणि बाहेरून चाळीस असा प्रकार होतो. आणि कडीपासून लांब. भोकातून हात घालून कडी काढता येत असेल तर ती सोय फक्त मांजराची राहत नाही.

पायरीवर_बसलेला:
उंचीबद्दल स्वानुभव. मांजर उभं असताना पोट मोजायचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आमचं बसलेलं होतं. बसल्या मांजराचं पोट नक्की कुठे सुरू होतं हे ज्याने त्याने ठरवावं, मी छाती धरली. परिणामी आमचं मांजर गेली चार वर्षं सर्कशीतल्या वाघासारखं रिंगणातून उडी मारून घरात येतं. पाहुण्यांना आवडतं.

निमूट:
उभं असताना मोजा.

शब्दवेध:
अवांतर: कॅट फ्लॅपला मराठी शब्द काय? 'झडप' बरा आहे, पण झडप पंपालाही असते आणि हृदयालाही. 'मांजरदार' सुचवतो.

बोकोबाचे_वडील:
मांजरदार म्हणजे जमादार, फौजदार यांच्यासारखं वाटतं. ज्याच्याकडे मांजर आहे तो मांजरदार. मी मांजरदार!

शब्दवेध:
मग 'बिडालद्वार'?

पायरीवर_बसलेला:
मांजर झडप घालतं, म्हणून झडप. विषय संपला.

शब्दवेध:
संपला नाही. झडप घालणे आणि झडप लावणे यांत फरक आहे. वेगळा धागा काढतो.

माऊशी:
अगं अर्धवट_जागी, शिकवायचं कुणीच सांगितलं नाही ना अजून. माझी आत्तापर्यंत पाच मांजरं झडपेतून शिकून गेली, सहावीने साफ नकार दिला, तेव्हा दोन्ही बाजूंचा अनुभव आहे.

पहिली गोष्ट, मांजराला उचलून झडपेतून ढकलायचं नाही. एकदा ढकललंस की ती झडप म्हणजे तिच्या लेखी डॉक्टरचा पिंजरा. दुसरी गोष्ट, पाळं पहिले काही दिवस टेप लावून पूर्ण वर चिकटवून ठेव. तिला नुसतं भोक दिसू दे. तू पलीकडे बसायचं, आवडीचा खाऊ भोकाच्या तोंडाशी. आधी डोकं घालेल, मग पुढचे पाय, मग विचार करेल. विचार करू दे. दोन-तीन मिनिटांचा खेळ, दिवसातून दोनदा, तोही भुकेच्या वेळी. जेवून आलेलं मांजर कुणाचं ऐकत नाही.

बेधडक ये-जा सुरू झाली की पाळं अर्ध्यावर आण, दोरी किंवा चिमटा लावून. आता तिला डोक्याने किंचित ढकलावं लागेल. मग अजून खाली, मग बंद. घाबरली तर एक पायरी मागे. कुणाला चार दिवस लागतात, कुणाला महिना.

घाबरवतो तो आवाज. पाळं मागे येऊन चौकटीवर आपटतं, चुंबक असेल तर 'खट्' होतं आणि कधी शेपटीला लागतं. आमची तिसरी त्या खटक्यालाच बिचकायची. मी पाळं काढून जुन्या टॉवेलचा तुकडा टांगला. तो आवाज करत नाही, वासही घरचाच. महिन्याने पाळं परत लावलं. पाळ्याला तिच्या गालांवरून फिरवलेलं फडकंही पुसून ठेव, स्वतःचा वास आला की धीर येतो.

आणि बाहेरच्या तोंडाशी दोन कुंड्या ठेव. झडपेतून डोकं काढताक्षणी समोर उघडं अंगण असलं की त्यांना आपण उघडे पडलो असं वाटतं. आडोसा हवा. खाण्याची वाटी मात्र झडपेजवळ नको, बाहेरच्यांना आमंत्रण जातं.

अर्धवट_जागी:
माऊशी, खूप खूप धन्यवाद. सहावीने नकार का दिला?

माऊशी:
तिने दार उघडायला माणूस शिकवला होता. तिला झडपेची गरजच नव्हती.

इतिहासप्रेमी_७:
कॅट फ्लॅपचा शोध न्यूटनने लावला हे किती जणांना माहीत आहे? मांजरीसाठी मोठं भोक आणि पिल्लांसाठी शेजारी छोटं भोक पाडलं होतं त्याने. एवढा हुशार माणूस!

अष्टपाद:
ती दंतकथा आहे. हम्फ्री न्यूटन हा त्याचा लेखनिक बरीच वर्षं त्याच्याकडे होता. त्याच्या आठवणींत स्पष्ट आहे की खोलीत कुत्रं नव्हतं नि मांजरही नव्हतं. शिवाय न्यूटन जन्मायच्या आधीपासून अशी भोकं आहेत. इंग्लंडात एक्झिटरच्या कॅथेड्रलमध्ये जुन्या खगोल-घड्याळाखालच्या दाराला गोल भोक आहे. १५९८ मध्ये बिशपच्या मांजरासाठी ते पाडल्याचे पैसे सुतारांना दिले गेले.

कानस:
बघा, सुतारांना वेळेवर पैसे मिळाले की चारशे वर्षं नोंद राहते.

इतिहासप्रेमी_७:
मी शाळेत वाचलंय न्यूटनचं.

खिडकीतली:
काचेचा विचार असेल तर थांबा! आमच्याकडे मागच्या दाराची काच होती. ओळखीतून आलेला कारागीर म्हणाला, भोक पाडून देतो, अर्ध्या तासाचं काम. त्याने ड्रिल टेकवलं आणि सगळी काच एका क्षणात खड्यांसारखी खाली. टफन्ड निघाली. टफन्ड काच बनल्यानंतर कापता येत नाही, भोक आधी पाडून मग ती तापवून कडक करतात. म्हणजे भोकासकट नवीन काच मागवावी लागते. दुहेरी काचेचंही तसंच, नवं युनिटच बनवून घ्यायचं. साधी काच असेल तर काचवाला गोल कापून देतो, पण आधी काच कुठली ते बघून घ्या. मांजर आमचं तेव्हापासून कारागिरांना बघून पलंगाखाली जातं. मीही.

निमूट:
काच नको. दारच.

अष्टपाद:
दारच. आणि चिपवालीच. फक्त दार लोखंडी असेल तर रीडरला त्रास होऊ शकतो, लाकडाला काही प्रश्न नाही.

कानस:
दारच. मी सांगितलंय तसं पट्ट्या घालून.

बोकोबाचे_वडील:
दार. अर्थात आमच्याकडे भिंतीत आहे, बोगदा जोडून. पण त्याला तसं घर पाहिजे.

रोखठोक:
एक विचारतो. साध्या झडपेतून शेजारचा बोका आत आला तर? तो आत येऊन भिंतींवर फवारे मारेल, मग तुमची मांजरही घाबरून घरात मारेल. मग इथेच 'घरातला वास कसा घालवावा' असा धागा येईल.

पायरीवर_बसलेला:
हे खरं आहे हो. आमच्याकडे चुंबकवाली होती. गळ्यातल्या पट्ट्याचं चुंबक जवळ आलं की खिट्टी सुटते. पण पट्टा ताणला तर सुटणाराच हवा, नाहीतर झाडाला अडकून फास बसतो. आणि सुटणारा पट्टा सुटतोच! तीन पट्टे हरवले. चौथा घातला तेव्हा चुंबकाला खिळे, टाचण्या, एकदा बाटलीचं झाकण चिकटवून आणलं. एकदा महाराज फ्रीजला चिकटून उभे. शेवटी मांजराच्या गळ्यात चुंबक कोणी बांधायचं यावरून घरात वाद झाला आणि खिट्टी कायमची उघडी.

अष्टपाद:
म्हणूनच चिप.

माऊशी:
अष्टपाद, ती म्हणाली आहे ना, पैसे नाहीत.

अष्टपाद:
मी फक्त माहिती देतोय.

अर्धवट_जागी:
सगळ्यांचे आभार. गेल्या आठवड्यात काम उरकलं. काय केलं ते लिहिते, रागावू नका.

दार कापलं नाही. चिप घेतली नाही. खरं तर झडपच घेतली नाही. खिडकीच्या खालच्या काचेच्या लाकडी पट्ट्या उचकटून काच अख्खी काढली, जाड टॉवेलात गुंडाळून कपाटामागे ठेवली. त्या मापाचा बारा मिलिमीटर प्लाय बसवला, त्यात चौकोनी भोक. भोकावर रबरी पायपुसण्याचा तुकडा टांगलाय, मधे उभी चीर, खाली कडेला दोन जड वॉशर शिवले म्हणजे वाऱ्याने उडत नाही. ही कल्पना माऊशींच्या टॉवेलवरून आली. खटका नाही, आवाज नाही, शेपटी सुरक्षित. खिडकी कमरेएवढी उंच म्हणून आत स्टूल आणि बाहेर लाकडी खोका. पोटाची रेषा वगैरे काही मोजली नाही, कानस, माफ करा. ती स्टुलावर चढली की बरोबर येतं.

कानस:
प्लायच्या बाहेरच्या कडांना रंग मारा, नाहीतर पहिल्या पावसात फुगेल. बाकी काय बोलू. कुलूप नाही, खिट्टी नाही. ज्या दिवशी तिला आत ठेवायची असेल त्या दिवशी काय करणार?

अर्धवट_जागी:
आतून पाट सरकवायला दोन खाचा केल्यात. पाट खाली, दुकान बंद.

कानस:
हे बरं केलंत.

रोखठोक:
आणि शेजारचा बोका?

अर्धवट_जागी:
येऊ दे. मी झोपलेली असेन.

माऊशी:
शिकली का पण? किती दिवस लागले?

अर्धवट_जागी:
पहिल्या दिवशी रबर वर चिकटवून ठेवलं, तुम्ही म्हणालात तसं. संध्याकाळी खाऊ घेऊन बाहेर बसले. अर्धा तास तिने आतून माझ्याकडे बघितलं, मी बाहेरून तिच्याकडे. शेजारच्या आजी विचारून गेल्या, किल्ली विसरलीस का. दुसऱ्या दिवशी डोकं, तिसऱ्या दिवशी अख्खी. रबर सोडल्यावर दोन दिवस रुसली, मग पंजाने चीर बाजूला करायला लागली. डोक्याने नाही, पंजाने, पडदा सारल्यासारखी. काल रात्री साडेतीनला स्वतःहून गेली, पावणेचारला आली.

माऊशी:
मग झोपलीस ना गं निवांत?

अर्धवट_जागी:
वेळा कशा कळल्या वाटतं तुम्हाला? साडेतीनला मला आता आपोआप जाग येते. पडून ऐकत बसते, गेली का, आली का.

बोकोबाचे_वडील:
म्हणूनच अ‍ॅप घ्या म्हणत होतो.

नवा_सभासद_३१२:
नमस्कार, धागा पूर्ण वाचला नाही. आमच्याकडे लॅब्रॅडॉर आहे, याच मापाची चालेल का? बजेट कमी आहे.

अष्टपाद:
चिपवाली घ्या.