छळछावणीतला 'स्पोर्ट' : खेळ, कवायत की रगडा?

प्रश्न : जर्मनीतल्या दाखाऊच्या नाझी छळछावणीतल्या धर्मगुरूंवर मराठीत लेख लिहितेय. १९४० च्या अखेरीपासून ठिकठिकाणचे कैदी पाद्री नाझींनी तिथे एकत्र आणले. एकूण सुमारे २,७२०, त्यातले १,७८० पोलिश. त्यांच्या हकिकतींत 'श्पोर्ट माखन' हा जर्मन शब्दप्रयोग सारखा येतो. 'खेळ करणे' म्हणावं तर अर्थ पार उलटा होतो. १९४२ च्या पवित्र सप्ताहात (ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात) पोलिश फादरांकडून शिक्षा म्हणून रोज दिवसभर हेच करून घेतलं होतं. काय लिहू?

— कवायत. सरळ आहे.

— कवायतीला काही शिस्त असते हो. इथे बेडूकउड्या, उठाबशा, चिखलात लोळायचं, लगेच उठून पळायचं, वर गाणी म्हणायची. पडला त्याच्या पाठीत दंडुका. वय झालेल्यांनाही सूट नाही. आउश्वित्झच्या छावणीत जून १९४० मध्ये पहिले पोलिश कैदी आले, त्यांचंही स्वागत असंच झालं, आणि त्यातही ज्यू आणि पाद्री यांच्यावर विशेष डोळा. पोलीस ट्रेनिंगला, एनसीसीत ह्याला 'रगडा' म्हणतात. तोच घ्या.

— रगडा खाल्लेली माणसं पुढे चहा पिताना त्याचे किस्से रंगवतात, सर. दाखाऊतल्या पोलिश पाद्र्यांपैकी ८६८ परत आलेच नाहीत. शिवाय छळालाच 'स्पोर्ट' म्हणायचं, ह्यातला एसएसवाल्यांचा, म्हणजे छावणीच्या नाझी पहारेकऱ्यांचा, विखार 'रगडा'त उतरत नाही. 'खेळवणे' का नको? मांजर उंदराला खेळवतं, तसं.

— व्वा! 'फादरांना दिवसभर मैदानात खेळवलं.' जर्मनमध्ये स्पोर्ट 'करणारा' कैदीच असतो, मराठीत कर्ता पहारेकरी होतो. माझ्या मते हे जास्त खरं आहे.

— पण आपण बाळालाही खेळवतो. संदर्भ नसेल तर वाचक गोंधळेल. पहिल्यांदा येईल तिथे उड्या, लोळणं सगळं वर्णन करा, मग खुशाल 'खेळवलं'. नाम हवं असेल तिथे 'स्पोर्ट' अवतरणचिन्हांत ठेवा. 'खेळवणूक' वगैरे घडवू नका, कुणी बोलत नाही तसं.

— आणि ताई, पुढच्या वर्षांत दाखाऊत रविवारी कैद्यांचं फुटबॉलही चालायचं, ज्यांच्या अंगात त्राण उरलं होतं त्यांचं. ते लेखात घेणार असाल तर तिथे साधं 'खेळले' लिहा, अवतरणचिन्हं नकोत.