'हुजऱ्या' या शब्दाला हीन अर्थ कसा आला?

प्रश्न: नेत्यापुढे सदैव मान डोलावणाऱ्यांना आपण 'हुजरे' म्हणतो आणि त्यांच्या वागण्याला 'हुजरेगिरी'. हा शब्द मुळापासूनच निंदाव्यंजक होता का?

प्रतिसाद १: मुळीच नाही. अरबीत 'हुजूर' म्हणजे उपस्थिती, सान्निध्य. फारसीमार्गे तो दरबारी मराठीत आला आणि धन्याच्या सन्निध राहून विडा देणारा, निरोप पोहोचवणारा, पोशाख सांभाळणारा खासगी सेवक 'हुजऱ्या' ठरला. पुण्यातील हुजूरपागा, म्हणजे पेशव्यांची खास पागा, या नावातही तोच 'हुजूर' आहे.

प्रतिसाद २: 'हजर' आणि 'हजेरी' हेही त्याच धातूचे. माझ्या मते हीनत्व आले ते त्या जागेमुळे. धन्याची मर्जी हेच ज्याचे भांडवल, त्याला अप्रिय सत्य बोलणे परवडत नाही. दरबार गेले, वृत्ती उरली आणि शब्द तिलाच चिकटला.

प्रतिसाद ३: 'लाळघोट्या'शी मात्र त्याची गल्लत करू नये. तो शब्द जन्मतःच तुच्छतादर्शक आहे. हुजऱ्याकडे निदान नेमून दिलेले काम होते, म्हणून ऐतिहासिक कागदपत्रांत 'हुजरे' आढळले की आजचा अर्थ त्यांच्यावर लादणे अन्यायाचे ठरेल.