आईच्या टाचांच्या भेगा भरत नाहीयेत, मदत हवी आहे (मधुमेह आहे)

कासारवडवली
मंडळी, आईच्या टाचांसाठी सल्ला हवा आहे. वय ६१, मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, वजन जरा जास्त. आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत ती पोळीभाजीचे डबे करते. म्हणजे पहाटेपासून साडेदहापर्यंत ओट्याशी उभी, तीही फरशीवर अनवाणी. स्वयंपाकघरात चप्पल घालायची नाही हा तिचा कायदा आहे, कारण देवघर तिथेच आहे.

दरवर्षी थंडी पडली, पहाटेचा कोरडा वारा सुटला की भेगा पडायच्या आणि होळीपर्यंत भरून यायच्या. यंदा पाऊस सुरू झाला तरी आहेतच. दोन्ही टाचांच्या कडा पिवळट, जाड झाल्यात. उजव्या टाचेच्या बाहेरच्या कडेला एक भेग इतकी खोल आहे की आत लाल दिसतं. गोधडीचा धागा तिच्यात अडकतो. परवा साडीचा फॉल अडकून ओढला गेला. ओट्यापासून दारापर्यंत फरशीवर रक्ताचे ठिपके मी पाहिले तेव्हा कळलं, तिला पत्ताच नव्हता. वर म्हणते, "दुखत नाही गं, तू उगाच बाऊ करतेस."

आतापर्यंत व्हॅसलीन झालं, कैलास जीवन झालं, वज्रीने घासून झालं. भिशीतल्या बायकांनी सांगितलं म्हणून मोहरीच्या तेलात मेण वितळवूनही लावलं, चादरीला डाग तेवढे पडले. आता मामाने संगमेश्वरहून कोकमाचं तेल पाठवलंय. आमच्याकडे ते पळीत वितळवून गरम गरम भेगेत भरतात. आई म्हणते हाच खरा उपाय, बाकी सगळी थेरं.

करू द्यावं का? आणि चप्पल न घालणाऱ्या माणसासाठी काय करता येईल?

जुना_ठाणेकर
टँकरचं किंवा बोअरचं पाणी आहे का तुमच्याकडे? पाण्यात क्षार असतील तर हे होणारच. आम्ही नौपाड्यात होतो तोवर काही नव्हतं, हायवेपलीकडे गेलो आणि सगळ्यांची कातडी खरखरीत झाली. सॉफ्टनर बसवा.

कासारवडवली
उन्हाळ्यात टँकर असतात खरे, पण आता नियमित पाणी आहे.

सीवूड्स_पूर्व
पाण्याने कातडी कोरडी पडत असेल, पण घरात सगळे त्याच पाण्याने अंघोळ करतात ना? तुमच्या टाचा कशा आहेत? त्या बऱ्या असतील तर सॉफ्टनरवर पैसे घालण्याआधी आईचीच तपासणी करा.

कासारवडवली
माझ्या ठीक आहेत. बाबांच्याही.

रात्रपाळी
ताई, मी नेरुळला राहते, परिचारिका आहे. डॉक्टर नाही, तेव्हा हे तपासणीच्या जागी धरू नका.

तुमच्या पोस्टमध्ये मला भेगेपेक्षा "पत्ताच नव्हता" हे जास्त खटकलं. रक्त येईपर्यंत ओढलं गेलं आणि कळलं नाही, मधुमेह आहे, म्हणजे तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते. मधुमेहात पायाच्या नसा बिघडल्या की दोन गोष्टी होतात. एक, दुखणं कळेनासं होतं. दुसरी कुणाच्या लक्षात येत नाही: पायाला घाम येणं कमी होतं. तळपायाला तेलग्रंथी नसतातच, तिथे ओलावा राहतो तो घामामुळे. तो आटला की टाच कोरडीठाक.

त्यात पाच तास उभं राहणं. अंगाचं वजन टाचेवर आलं की आतली चरबी बाजूला पसरते आणि कडेची कातडी ताणली जाते. कातडी मऊ असेल तर ताण सोसते, जाड आणि कोरडी असेल तर चिरते. आईंना पोळ्यांच्या भाषेत सांगा: शिळी पोळी दुमडली की कडेला मोडते, ताजी मोडत नाही. मागून उघड्या सपातांमध्ये भेगा वाढतात त्याही याच कारणाने, टाचेला बाजूने धरून ठेवणारं काही नसतं.

कोकमाच्या तेलाला माझा विरोध नाही. वाईट आहे ते "गरम गरम". ते तेल अंगाच्या उष्णतेपेक्षा जरा जास्त तापमानाला वितळतं, हातावर चोळलं तरी मऊ होतं. पळीतून येतं ते त्याहून कितीतरी गरम असतं. ज्याला चटका कळतो तो पाय मागे घेईल. तुमच्या आई घेणार नाहीत. मधुमेही माणसाच्या पायाला भाजल्याची जखम लवकर भरत नाही, आणि तुमच्याकडे आधीच एक उघडी भेग आहे. पाय गरम पाण्यात बुडवून बसणंही नको. कोमट पाणी चालेल, पण ते तुम्ही हात घालून बघायचं, त्यांनी पाय घालून नाही.

आणखी नको असलेलं: ब्लेडने कातडी काढणं, पार्लरमध्ये टाचा खरवडून घेणं, आणि कुरूप काढायच्या पट्ट्या. त्या पट्ट्यांत सॅलिसिलिक आम्ल असतं, बधिर पायावर ते चांगली कातडीही खातं आणि कळत नाही.

व्हॅसलीनचा उपयोग का झाला नाही सांगते. ते आतलं पाणी उडू देत नाही, स्वतः पाणी घालत नाही. रात्री कोरड्या टाचेवर फासलं तर काय अडवणार? अंघोळ झाली की पाय टिपायचे, बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करायच्या आणि टाच दमट असतानाच लावायचं. जाड कडांसाठी मेडिकलमध्ये युरिया असलेलं क्रीम मिळतं. युरिया पाणी धरून ठेवतो आणि कडक थर सैल करतो. साधारण १० टक्क्यांचं रोजच्या वापराला, २० ते २५ टक्क्यांचं जाड टाचेला, ४० टक्के मात्र डॉक्टरांनी सांगितलं तरच. उघड्या भेगेत युरिया भरू नका, झोंबतो. त्या भेगेत फक्त साधं पेट्रोलियम जेली, वर स्वच्छ गॉज. बोटांच्या मध्ये कुठलंच क्रीम नको.

पण हे सगळं डॉक्टरांना पाय दाखवल्यावर. लाली पसरली, टाच गरम लागली, सूज, पू किंवा वास आला, ताप आला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी जा.

कासारवडवली
बापरे. नसांचा विचारच डोक्यात आला नव्हता. पळी ओट्यावरून उचलून ठेवली आहे. त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं की मधुमेहाच्या?

रात्रपाळी
मधुमेहाच्या डॉक्टरांना पाय तपासायला सांगा, आणि त्वचेचेही बघून घ्या. महापालिकेच्या कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे, तिथे दोन्ही एकाच आवारात होईल. गर्दी असते, सकाळी लवकर जा.

पामबीच_सायकल
त्वचेच्या डॉक्टरांना बुरशी बघायला सांगाच. आमच्या वडिलांना कित्येक वर्षं "टाचा कोरड्या" म्हणून तेलं चोळत होतो आणि निघाली बुरशी. आपल्याला नायटा म्हटलं की लाल गोल चट्टा डोळ्यासमोर येतो, तळपायाची बुरशी तशी दिसत नाही. सगळा तळवा कोरडा, पिठासारखा कोंडा आणि कातडीच्या रेघांमध्ये पांढरं. आईंच्या पायाची नखं बघा, जाड किंवा पिवळी आहेत का?

कासारवडवली
दोन्ही अंगठ्यांची जाड आहेत. वयामुळे असेल म्हणून कधी लक्ष दिलं नाही कुणी.

नेरुळच्या_काकू
अगं, चप्पल न घालण्यावर कुणी बोललंच नाही. मीही तशीच होते. सुनेने नव्या कोऱ्या चपला आणल्या, धुतल्या आणि ओट्याखाली ठेवल्या. त्या घराबाहेर काय, बाथरूममध्येही जात नाहीत. देवापाशी जाताना काढते. आईला सांग, देवाला अडचण नसते, असली तर शेजारणींना असते.

नाहीच ऐकलं तर ओट्यासमोर जाड रबरी मॅट घाल. पातळ पायपुसणं नको, ते सरकतं. कडा उचललेल्या नकोत, हातात तवा असताना ठेच लागली तर पंचाईत. आणि पोळ्या लाटायला उंच स्टूल घे. लाटताना बसायचं, भाजताना उभं राहायचं. मला आधी हे आळशीपणाचं वाटायचं, आता सवय झाली.

मोज्यांचं काय करते ती? तेल लावून फरशीवर चालली तर रात्री बाथरूमला जाताना घसरेल.

कासारवडवली
काकू, मोजे घालतच नाही, उकडतं म्हणते. पंख्याखालीसुद्धा.

नेरुळच्या_काकू
जुन्या सुती मोज्याचा पुढचा भाग काप. बोटं मोकळी, टाच झाकलेली. इलॅस्टिक सैल हवं, पायावर वळ उठता कामा नये. आणि क्रीम पलंगावर बसून लाव, न्हाणीघरात नको.

सीवूड्स_पूर्व
वाशी स्टेशनबाहेर त्या सिलिकॉनच्या टाचपट्ट्या मिळतात, त्या कशा आहेत?

रात्रपाळी
धडधाकट माणसाने तासभर घातल्या तर हरकत नाही. रात्रभर घातल्या तर आत घाम कोंडून कातडी पांढरी आणि लिबलिबीत होते. उघडी भेग आणि मधुमेह असेल तर नकोच. बुरशी निघाली तर तिला अशी जागा फारच आवडते.

कासारवडवली
अपडेट देते. आईला कळव्याला नेलं. डॉक्टरांनी नायलॉनचा एक बारीक तंतू तळपायाला ठिकठिकाणी टेकवला आणि कळलं की "हो" म्हणायला सांगितलं. आईने डोळे मिटले होते. पुढच्या भागात हो, हो चाललं होतं. टाचेपाशी आणि अंगठ्याखाली तंतू वाकेपर्यंत दाबला तरी ती गप्प. मग डोळे उघडून विचारते, "सुरू करताय ना?" तिथे मात्र तिचा चेहरा उतरला. घरी आल्यापासून "बाऊ" हा शब्द तिने काढलेला नाही.

तळव्याची कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. पामबीच, तुमचा अंदाज बरोबर निघाला, बुरशी आहे. ते मलम वेगळं दिलंय. कोंडा दिसेनासा झाला तरी सांगितलेले आठवडे पुरे करायचे, मध्येच सोडायचं नाही. नखांसाठी पोटातून गोळ्या द्यायच्या का, ते नमुना तपासून आणि यकृताची तपासणी करून मग ठरवणार, कारण त्या गोळ्या यकृताला त्रास देऊ शकतात. थायरॉईडही बघायला सांगितलं, त्यानेही कातडी कोरडी पडते म्हणे. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट वाढलेला आहे, गोळ्या बदलल्या.

आम्ही घरातल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून नेल्या होत्या. त्यातली एक शेजारून आलेली, खाजेवर "लगेच गुण येतो" म्हणून. तिच्यात स्टेरॉईड होतं. डॉक्टर म्हणाले, खाज आणि लाली दबते, खाली बुरशी पसरत राहते. ती तिथेच टाकून आलो.

रात्रपाळी, एक विचारायचं राहिलं: बुरशीचं मलम आणि युरिया एकत्र लावायचं का?

रात्रपाळी
ज्यांनी दिलंय त्यांनी काही सांगितलं असेल तर तेच करा. नसेल तर फोन करून विचारून घ्या. साधारणपणे एक आधी, मुरू द्यायचं, मग दुसरं, किंवा एक सकाळी आणि एक रात्री. हातावर एकत्र कालवून लावू नका. जाड कातडी आहे, लगेच फरक दिसणार नाही, महिनाभर तरी धीर धरा. आणि रोज रात्री टाचा तुम्ही बघायच्या. त्यांना खाली वाकून दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून दाखवा.

कासारवडवली
मोबाइलवर फोटो काढते, म्हणजे कालच्याशी ताडून बघता येतं. कोकमाचं तेल कपाटात आहे, भेग भरली की थंडच चोळू असं तहनाम्यात ठरलंय. मामाला अजून सांगितलेलं नाही.

आता शेवटचं. घरातल्या घरात घालायला मागून बंद, आत शिवण न टोचणारी अशी चप्पल ठाण्यात कुठे बघू?

जुना_ठाणेकर
गोखले रोड आणि राम मारुती रोड पालथे घाला, मिळेल. सॉफ्टनरचं मी मागे घेतो.

नेरुळच्या_काकू
दुकानात संध्याकाळी जा. दिवसभर उभं राहून पाय फुगलेला असतो, सकाळी बसलेली चप्पल रात्री काचते. तिला काचलेलं कळणार नाही, तेव्हा कागदावर पाऊल आखून घेऊन जा. चपलेचा तळ त्या रेघेच्या आत जात असेल तर घेऊ नकोस, कितीही छान दिसली तरी. आणि घालण्याआधी रोज हात घालून आत खडा, टाचणी काही नाही ना बघायचं.

कासारवडवली
हो काकू. फक्त रविवार संध्याकाळ टाळते, गोखले रोडला तेव्हा बऱ्या पायालाही जागा नसते.