फाउंडेशनची माफी: टक्क्यांइतकेच विषयही बघा

'बी.कॉम.ला ५५ टक्के मिळाले की सीएची (चार्टर्ड अकाउंटंटची) पहिली, म्हणजे फाउंडेशन परीक्षा माफ' असं सांगितलं जातं. बरोबर आहे, पण त्यातली विषयांची अट कुणी सांगत नाही. वाणिज्य पदवीधराने अकाउंटिंग, ऑडिटिंग, टॅक्सेशन, कॉस्टिंग, अर्थशास्त्र, व्यापारी कायदा, कंपनी कायदा, व्यवस्थापन अशांपैकी किमान तीन पेपर, प्रत्येकी १०० गुणांचे, शिकलेले असावे लागतात. नेहमीच्या बी.कॉम.ला हे सहज होतं. पण आता क्रेडिट पद्धतीत ५० गुणांचे छोटे पेपरही असतात, त्यामुळे ऐच्छिक विषय निवडताना नाव आणि गुण दोन्ही बघा. जाहिरात, संवादकौशल्य, पर्यावरण हे विषय चांगलेच आहेत, पण इथे ते मोजले जात नाहीत. इतर शाखांच्या पदवीधरांना मात्र ६० टक्के लागतात.

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच इंटरमीजिएटला, म्हणजे फाउंडेशनच्या पुढच्या टप्प्याला, तात्पुरती नोंदणी करता येते, हे मुलांना वेळेवर कळतच नाही याचं मला फार वाईट वाटतं. माझ्या भाचीने तशी नोंदणी केली आणि निकालाची वाट बघण्यातले महिने अभ्यासाला लागले. फक्त शेवटची परीक्षा दिल्यापासून सहा महिन्यांत पदवीचा पुरावा द्यावा लागतो, म्हणून गुणपत्रिकेसाठी कॉलेजच्या ऑफिसात आधीपासूनच तगादा लावा. आणि बारावीनंतर लगेच फाउंडेशन देण्याची तयारी असेल तर पदवीसाठी थांबूच नका. बी.कॉम. बरोबरीने करता येतं.