पेरिटोनायटिस स्कोअरिंग : ऑर्गन फेल्युअर कोणत्या वेळचं धरायचं? मदत हवी आहे

नमस्कार, मी जनरल सर्जरीला रेसिडेंट आहे. थिसिस परफोरेशन पेरिटोनायटिसवर (आतड्याला किंवा जठराला भोक पडून पोटात पसरलेलं इन्फेक्शन), मॅनहाइम पेरिटोनायटिस इंडेक्स म्हणजे एमपीआय आणि आयसीयूतल्या पेशंटचा गंभीरपणा मोजणारा अपाचे-२ यातला कुठला स्कोअर मृत्यूचा अंदाज जास्त बरोबर देतो ते बघायचंय. प्रोफॉर्मा (पेशंटची माहिती भरायचा फॉर्म) फायनल करताना एका ठिकाणी अडलोय, ज्यांनी हे काम केलंय त्यांनी प्लीज सांगा.

एमपीआयमध्ये ऑर्गन फेल्युअरचे (अवयव निकामी होण्याचे) ७ पॉइंट, आणि किडनीसाठी रेषा क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) २ mg/dL ला. आता असा पेशंट धरा, ५५ वर्षांचा पुरुष, ड्युओडेनल परफोरेशन (लहान आतड्याच्या सुरुवातीला भोक), दोन दिवस अंगावर काढलेलं, पोट उघडलं तर सगळीकडे पस. वयाचे ५, २४ तास उलटले त्याचे ४, उगम कोलनचा (मोठ्या आतड्याचा) नाही म्हणून ४, डिफ्यूज म्हणजे पोटभर पसरलेलं त्याचे ६, पसचे ६, झाले २५. आला तेव्हा क्रिएटिनिन २.१ होतं, मग ३२ होतात आणि तो थेट २९ च्या वरच्या, सगळ्यात जास्त धोक्याच्या गटात जातो. पण काही तास फ्लुइड दिलं, युरिन सुटली आणि ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) घेण्याआधी रिपीट १.८ आलं तर परत २५, मधला गट. पेशंट तोच, पसही तेवढाच! अपाचेमध्ये अक्यूट रीनल फेल्युअर (किडनी अचानक निकामी) धरून क्रिएटिनिनचे पॉइंट डबल केले तरी ६ चे ४ होतात, एवढी उडी नाही.

मला वाटतं फ्लुइडला प्रतिसाद देणारी किडनी आणि न देणारी किडनी हे दोन वेगळे पेशंट आहेत आणि पहिलीच व्हॅल्यू धरली तर हा फरक पुसला जातो. पण नंतरची धरली तर उशिरा आलेल्या पेशंटचा खरा आजार स्कोअरमध्ये कमी दिसेल का? शिवाय नातेवाईक ऑपरेशनच्या आधी विचारतात, वाचेल ना म्हणून, आणि एमपीआयला पोटात काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे त्यांच्याशी बोलायला तो तसाही कामाचा नाही.

प्रतिसाद १ :
दोन्ही वेळच्या व्हॅल्यू लिहा, पण मुख्य अ‍ॅनालिसिस कुठल्या वेळेवर ते पहिला पेशंट घ्यायच्या आधी प्रोटोकॉलमध्ये ठरवून टाका, निकाल बघून वेळ निवडलीत तर सगळं वाया. मी तुमच्या जागी असतो तर ओटीत घेण्याआधीची शेवटची व्हॅल्यू दोन्ही स्कोअरना धरली असती. १९८५ चा मूळ अपाचे-२ आयसीयूच्या पहिल्या २४ तासांतली सगळ्यात वाईट व्हॅल्यू घेतो, म्हणजे ऑपरेशननंतरची माहितीही त्यात शिरते आणि टेबलवरच पूर्ण होणाऱ्या एमपीआयशी तुलना बरोबरीची राहत नाही. बदल केलाय हे मेथड्समध्ये स्पष्ट लिहा. पेशंट तेच असल्यामुळे दोन एयूसींची (स्कोअर मृत आणि वाचलेले पेशंट किती नीट वेगळे करतो त्याचं माप) तुलना डीलाँग टेस्टने (एकाच पेशंटगटातल्या एयूसींच्या तुलनेची चाचणी) करा, आणि कॅलिब्रेशन (अंदाजलेला धोका प्रत्यक्ष मृत्यूंशी जुळतो का) वेगळं बघाच, एयूसी फक्त क्रम लावते. मृत्यू थोडे असतील तर एमपीआयचे आठही घटक एकाच रिग्रेशनमध्ये (अनेक घटकांचा एकत्र परिणाम काढायचं गणित) कोंबू नका.

धागाकर्ता :
खूप आभार सर, आधी ठरवायचं हे पटलं. मग ऑर्गन फेल्युअरमधल्या शॉकलाही तोच नियम ना? बीपी फ्लुइडवर आलं तर शून्य आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनवर (बीपी वाढवणारं औषध) टिकलेलं असेल तर ७, असं लिहू का?

प्रतिसाद १ :
हो, असंच. फक्त व्हॅसोप्रेसर (असं बीपी वाढवणारं औषध) चालू होतं का ही नोंद वेगळ्या रकान्यात ठेवा.