दक्षिण फ्रान्स : आई-बाबांसोबत रोमन अवशेष बघायचेत, काय ठेवू नि काय गाळू?

धरमपेठची_लेक
नमस्कार मंडळी. मे महिन्यात शाळेला सुट्या लागल्या की आई-बाबांना घेऊन फ्रान्सला जायचं ठरतंय. आधी थोडं पॅरिस, मग सगळा वेळ प्रोव्हान्सकडे. बाबांना इतिहासाचं वेड, आईला चित्रकार व्हॅन गॉग आणि लॅव्हेंडरची शेतं. इथल्या एका टूरवाल्यांनी आविन्यों, ऑरांज, आर्ल, नीम, पाँ द्यू गार, कार्कासोन असा आराखडा दिलाय, रोज नवं हॉटेल. बाबांचे गुडघे दुखतात, आई शुद्ध शाकाहारी. कुणी जाऊन आलंय का?

जुना_पाटबंधारेवाला
ताई, बजाजनगरहून लिहितोय. माझी नोकरी पेंचच्या कालव्यावर गेली, त्यामुळे मी पाण्याच्या बाजूनं सांगतो. कार्कासोन गाळा, ते फार लांब पडतं. आविन्योंला एकच मुक्काम ठेवा. आणि एक अख्खा दिवस त्या पाण्याला द्या, म्हणजे नीमच्या रोमन जलवाहिनीला. टूरवाले पाँ द्यू गारला तासभर थांबवतात, फोटो काढवतात आणि गाडीत बसवतात. तसं करू नका, कळकळीनं सांगतो.

पाँ द्यू गार हा माणसांसाठी बांधलेला पूल नाही. पहिल्या शतकात उझेसजवळच्या झऱ्याचं पाणी नीम शहरात आणायचं होतं. सरळ अंतर साधारण २० किलोमीटर, पण मध्ये डोंगर, म्हणून वळसे घेत वाहिनी झाली सुमारे ५० किलोमीटरची. आणि एवढ्या लांबीत एकूण उतार जेमतेम साडेबारा मीटर! म्हणजे किलोमीटरला सरासरी २५ सेंटिमीटर. पंप नाही, उतार मोजायची दुर्बिणीची लेव्हल नाही. कालव्याची लेव्हल ज्यानं स्वतः घेतली आहे, त्याला तिथं उभं राहून हात जोडावेसे वाटतात. गार्दों नदी आडवी आली तिथं ४९ मीटर उंच तीन मजली कमानी उभ्या केल्या. खालच्या दोन मजल्यांचे दगड चुन्याशिवाय एकमेकांवर बसवलेत, काही दगड सहा टनांचे. दर्शनी दगडांतून बाहेर आलेली टोकं दिसतील, ती परांची बांधण्यासाठी ठेवली होती. बाबांना मुद्दाम दाखवा.

मग नीमला जा आणि 'कास्तेलुम' विचारा. गर्दी नसते, तिकीट नाही. एक गोल दगडी हौद आहे, त्याच्या भिंतीत दहा भोकं. पाणी इथं यायचं आणि शिशाच्या नळांनी शहरभर वाटलं जायचं. पूल बघून हौद न बघता परतणं म्हणजे अर्धीच गोष्ट ऐकणं. माझ्या मते हा हौद नीमच्या रोमन रिंगणापेक्षाही (अँफिथिएटरपेक्षाही) मोलाचा आहे.

नीमलाच मेझों कारे हे मंदिर आहे. त्यावरची ब्राँझची अक्षरं कधीच गेली होती. १७५८ मध्ये सेगिए नावाच्या विद्वानानं ती अक्षरं ठोकायच्या खिळ्यांच्या भोकांवरून लेख वाचला, तेव्हा कळलं की मंदिर सम्राट ऑगस्टसच्या दोन दत्तक वारसांसाठी आहे.

माँपेलिएतली_विद्यार्थिनी
मी मूळची नागपूरचीच, सध्या इथं शिकते. काकांशी सहमत. थोडी भर घालते.

लॅव्हेंडर मे महिन्यात फुललेलं नसतं, जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत बघायला मिळतं. आणि जुलैत आविन्योंला १९४७ पासून चालणारा नाट्यमहोत्सव असतो, हॉटेलं भरलेली आणि महाग. फुलं हवीच असतील तर जूनच्या शेवटी या, पण ऊन सोसावं लागेल. २०१९ च्या जूनमध्ये या भागात तापमान ४६ अंशांपर्यंत गेलं होतं आणि नागपूरसारखे कूलर इथं घरोघरी नसतात.

पॅरिसहून आविन्योंला टीजीव्ही या वेगवान रेल्वेनं तीन तासांच्या आत पोचता. स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून छोटी गाडी गावात नेते. आर्ल आणि नीम दोन्हीकडे लोकल गाड्या आहेत, पाँ द्यू गारला बस.

आईसाठी : 'तापनाद' ही चटणी ऑलिव्हची असली तरी तिच्यात अँकोव्ही मासळी असते, घेऊ नका. 'पानिस' मागा, चण्याच्या पिठाची, आपल्या पाटवडीसारखी थापून तळलेली.

धरमपेठची_लेक
काका, बाबांनी तुमचं उत्तर दोनदा वाचून घेतलं! पण आईच्या व्हॅन गॉगचं काय? आणि आविन्योंचा पोपचा राजवाडा बघावा का?

जुना_पाटबंधारेवाला
व्हॅन गॉग फेब्रुवारी १८८८ ते मे १८८९ आर्लला राहिला, नंतर वर्षभर सँ-रेमीच्या मठातल्या रुग्णालयात. पण मूळ चित्रं तिथं शोधू नका. पॅरिसला ऑर्से संग्रहालयात त्याची ऱ्होनकाठची चांदणी रात्र आधी दाखवा आणि मग आर्लला अंधार पडल्यावर आईंना त्याच नदीकाठी न्या. हा क्रम उलटा करू नका.

राजवाड्यात पायऱ्या भरपूर आहेत. १३०९ ते १३७७ पोप आविन्योंला होते, इमारत प्रचंड आहे, पण दालनं बहुतेक रिकामी. गुडघे दुखत असतील तर बाहेरच्या चौकातून भिंती बघा, जोर नीमसाठी राखून ठेवा. पाँ द्यू गारवर चालायला सोपं जातं, कारण अठराव्या शतकात त्याला चिकटून रस्त्याचा पूल बांधलाय, तोच सपाट आहे. सकाळची पहिली बस पकडा.