‘कुत्री आपापलं बघून घेतात’ असं लिहिणाऱ्यांसाठी

शेपूटवेडी:
कालच्या पोस्टमधलं वाक्य: "डॉग पार्कात (कुत्री मोकळी सोडायच्या कुंपणाच्या मैदानात) लीश (हातातली दोरी) सोडली की आपण बाकावर बसावं, कुत्री आपापलं बघून घेतात. भीती वाटणाऱ्यांनी टेकडीवर जावं." त्याखाली अंगठ्यांची रांग लागली, म्हणून सविस्तर लिहितेय.

भांडण पेटतं ते बहुतेकदा फाटकात. आतली चार-पाच कुत्री नव्याला हुंगायला धावत येतात. नवा लीशमध्ये अडकलेला, मागे सरकायला जागा नाही. मालक घाबरून लीश ताणतो. ताणली की कुत्र्याची मान वर आणि छाती पुढे येते, आणि समोरच्याला वाटतं हा अंगावर येतोय. म्हणून फाटकाशी गर्दी असेल तर बाहेर थांबा, ती पांगू द्या. दोन फाटकं असतील तर बाहेरच्याची कडी लागली का बघा, मधल्या जागेत लीश काढा, मग आतलं उघडा. एकच फाटक असेल तर आतल्यांनी आपापली कुत्री हाक मारून दहा पावलं मागे घ्यावीत. आत गेल्यावर एका जागी उभं राहू नका, कडेने एक फेरी मारा. माणूस चालत राहिला की कुत्रंही चालतं, घोळका साचत नाही.

चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचे पट्टे) दोन्ही फाटकातच उतरवा. कुस्ती खेळताना एकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या हार्नेसच्या पट्ट्याखाली जातो. खालचा लोळला की पट्टा पिळला जातो, जबडा सुटत नाही, दोघंही दुखून किंचाळतात आणि खेळाचं चावणं होतं. गळ्यात फक्त दाबून सुटणाऱ्या बकलची साधी कॉलर असावी.

कर्वेनगरकर:
ते वाक्य माझं आहे आणि मी ते मागे घेत नाही. गुरगुरणं ही कुत्र्याची भाषा आहे. 'लांब हो' एवढंच तो सांगतो, समोरचा ऐकतो, विषय संपतो. तुम्ही मंडळी दर गुरगुरीला धावून कॉलर खेचता. गुरगुरल्यावर ओरडा मिळतो हे शिकलेलं कुत्रं पुढे इशारा न देता चावतं. आणि लहान कुत्री असलेले! जरा कुणी जवळ आलं की उचलून छातीशी धरतात. मग मोठी कुत्री वर उड्या मारणारच.

शेपूटवेडी:
गुरगुरण्याबद्दल बरोबर बोललात, उचलण्याबद्दलही. पण इशारा ऐकला गेला का, हे बाकावरून मोबाइलमध्ये बघत कसं कळणार? खेळात कुत्री पुढचे पाय टेकून ढुंगण वर करतात, आळीपाळीने खाली पडतात, मध्येच थांबून अंग झटकतात. हे थांबलं, अंग ताठ झालं, शेपूट उंच आणि कडक झाली, डोळ्यांचे पांढरे कोपरे दिसायला लागले की हाक मारायची वेळ झाली. शंका आली तर वरच्या कुत्र्याला दोन क्षण धरा. खालचा परत येऊन भिडला तर खेळ चालू द्या. तो बाकाखाली शिरला तर खेळ संपला. तिघं मिळून एकाच्या मागे लागले असतील तर शंकेचीही गरज नाही, थांबवा.

डबल_डोस:
फाटकाच्या आधीचं कुणी बोलतच नाहीये. पिल्लाचा डीएचपीपीचा (डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेंच्या एकत्रित लसीचा) शेवटचा डोस ते 16 आठवड्यांचं होण्याआधी संपत नाही, त्यानंतरही दोन आठवडे पार्क नको. पार्व्हो हा पिल्लांचा जीव घेणारा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, फिनाइलने मरत नाही. रेबीजची लस दर वर्षी. पावसाळ्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसच्या लसीचा) डोस झालेला असावा आणि गोचिडांचं औषध चालू असावं. घरी आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या मध्ये आणि काखेत चाचपून बघा. माजावर आलेली मादी साधारण तीन आठवडे घरीच. आणि बॉल-बिस्किटं बाहेर ठेवा. एका बिस्किटावरून जिवलग मित्रही भिडतात.

वेताळटेकडी_रोज:
"टेकडीवर जावं" कुणी म्हटलं? टेकडी म्हणजे तुमच्या कुत्र्याचं मोकळं मैदान नाही! लांडोर पावसाळ्यात जमिनीवर, झुडपाखाली अंडी घालते. टिटवी तर उघड्या खडकाळ जमिनीवर घालते, खड्यांच्या रंगाची. सुटं कुत्रं अंडी खाईलच असं नाही, पण त्याने पाखराला उठवलं की अंडी उन्हात पडतात. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, मोर आहे. "तो काही करत नाही हो" हे वाक्य मोराला सांगून बघा.

कर्वेनगरकर:
मग एका वर्षाच्या लॅब्राडॉरने पळायचं कुठे? सोसायटीत बंदी, बागेत बंदी, टेकडीवर तुमची बंदी. डॉग पार्क आहेत किती? लीशवर अर्धा तास चालून त्याचं काहीच होत नाही, मग तो घरातला सोफा खातो आणि लोक त्याला 'बिघडलेलं' म्हणतात.

वेताळटेकडी_रोज:
बंदी घाला असं मी म्हणाले नाही. लांब दोरी वापरा. दहा मीटर, बोटाएवढी जाड, चिखलात जड न होणारी. आणि ती कॉलरला नाही, हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला. दहा मीटर पळून झटका बसला तर तो मानेवर बसू नये. दोरी हाताला गुंडाळू नका, बोटं कापतात. घड्या तळहातात धरा. ससा-मोर दिसतात त्या पहाटेच्या वेळी तर नक्कीच दोरी. आणि वळणावर दोरी आखडती घ्या, समोरून गुडघे दुखणारे आजोबा येत असतात.

डबल_डोस:
हुंगत चालण्यानेही कुत्रं थकतं, नुसतं पळून नाही. वीस मिनिटं त्याला हवं तिथे थांबू द्या. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत परत या. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेववत नसेल तर पंजेही ठेवू नका. पगसारखं चपट्या नाकाचं कुत्रं असेल तर आणखी लवकर.

कर्वेनगरकर:
दोरीचं पटलं. बाकावर बसण्याचं वाक्यही सोडतो. बास. पण भांडण लागलंच तर काय करायचं ते कुणीच सांगितलं नाहीये. सगळे किंचाळतात आणि मध्ये हात घालतात.

शेपूटवेडी:
हात कॉलरकडे न्यायचाच नाही, चावा तिथेच बसतो. आधी पाणी फेका किंवा मोठा आवाज करा. नाही सुटले तर दोन्ही मालकांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय मांडीजवळ धरून उचलायचे आणि ढकलगाडीसारखं मागे घ्यायचं, सरळ नाही, अर्धगोल वळत, म्हणजे मान वळवून तुम्हाला चावता येत नाही. एकाने घट्ट पकडलेलं असेल तर मात्र ओढू नका, कातडी फाटते. जबडा सैल होईपर्यंत फक्त धरून ठेवा. माणसाला दात लागला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, कुत्र्याचं लसीचं कार्ड पूर्ण असलं तरी. आणि कर्वेनगरकर, नव्या कुत्र्याला पहिल्यांदा रविवारी संध्याकाळी आणू नका. मंगळवारी सकाळी, दोन-तीनच कुत्री असताना आणा.